व्याह्यांच्या गाडीतला रेडिओ

माझ्या व्याह्यांना कुठलीही गोष्ट विचारू नये, असं मी आमच्या बॉथेल गावात नव्याने आलेल्या प्रत्येक मराठी माणसाला पहिल्याच भेटीत सांगते. त्यांच्याइतका समजावून सांगणारा माणूस अख्ख्या अमेरिकेत दुसरा नसेल, आणि असलाच तर त्या दोघांची गाठ पडू नये. मुलाच्या लग्नाआधी मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले तेव्हा लांबचा प्रवास झाला होता, म्हणून बाथरूम कुठे आहे एवढंच विचारलं. तर त्यांनी आधी घराखालचे पाइप कुठून कुठे जातात, गरम पाणी वर यायला किती वेळ लागतो आणि तो वेळ कमी करण्यासाठी त्यांनी काय काय केलं, ते सांगितलं. मी एका पायावरून दुसऱ्या पायावर होत उभी. शेवटी माझी विहीण स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, त्यांना जाऊ द्या आधी!" त्याच दिवशी मला कळलं की मुलगी चांगल्या घरातली आहे आणि ह्या घरात माझं विहिणीशी जमणार आहे.

व्याही पुलांचे इंजिनिअर होते. चाळीस वर्षं त्यांनी पुलांखाली उभं राहून पुलांकडे वर बघितलं, त्यामुळे मान जराशी मागे कललेली आहे आणि अनोळखी माणसाला वाटतं की ते आपल्याला कमी लेखतायत. तसं काही नाही. ते पोस्टमनलाही तितक्याच मायेने समजावतात. पोस्टमन आता त्यांची पत्रं पेटीत टाकतो आणि पळतो. त्यांची एक वही आहे. घरात काहीही बिघडलं, दुरुस्त झालं किंवा फेकलं की त्या वहीत लिहायचं: काय बिघडलं, का बिघडलं, काय केलं. टोस्टर: नादुरुस्त. कारण: पावाचा तुकडा अडकला, सूनबाईची आई घाईत होती. ही सूनबाईची आई म्हणजे त्यांची स्वतःची बायको. पण वहीत माणसांची नावं घालायची नाहीत, नात्याने लिहायचं, असा त्यांचा नियम आहे, आणि नातं धरायचं ते आमच्या बाजूने, म्हणजे भांडण झालं तर वही निःपक्षपाती दिसते. मी हे स्वतः वाचलंय. मी चौथीपर्यंतच शिकले, पण दुसऱ्याची वही वाचायला तेवढं पुरतं.

आणि त्यांची गाडी. निळी, लांबलचक, पुढे मागे चकचकीत पट्ट्या, आत पुढे एक आणि मागे एक अशी सोफ्यासारखी अखंड सीट. हिशेब केला तर मी शाळा सोडली त्याच सुमाराला ती कारखान्यातून बाहेर पडली. शाळा सोडल्यावर माझं फारसं काही बिघडलं नाही, तिचं मात्र दर महिन्याला काहीतरी बिघडतं. पंचवीसेक वर्षांपूर्वी त्यांनी ती एका म्हाताऱ्या अमेरिकन माणसाकडून घेतली आणि तेव्हापासून तिच्यातला एकही खिळा त्यांनी बदलू दिलेला नाही. जे कंपनीने बसवलं तेच राहणार. एकदा माझ्या मुलाने आरशाला सुवासाची ती पुठ्ठ्याची पट्टी लावली. व्याह्यांनी ती काढून घडी करून त्याच्या खिशात परत ठेवली आणि म्हणाले, "जावईबापू, हिला स्वतःचा वास आहे."

ह्या गाडीत माझी विहीण वीस वर्षं बसली नव्हती. कारण होतं रेडिओ. घेतली तेव्हा रेडिओ वाजायचा. मग काही वर्षांनी तो घसा बसल्यासारखा बोलायला लागला, मग नुसता पुटपुटायला लागला, आणि एक दिवस गप्प झाला. व्याह्यांनी तो काढून दोनदा दुरुस्तीला पाठवला. दोन्ही वेळा दुकानदाराने लिहून पाठवलं की रेडिओ चांगला आहे. दोन्ही दुकानदार मूर्ख आहेत असं वहीत लिहिलंय. रेडिओ गप्प झाला म्हणजे गाडीत बोलायला व्याही एकटेच उरले. त्या सुमाराला दोघं पाच तासांच्या अंतरावर एका बारशाला गेली होती. जाताना वाटेत जेवढे पूल लागले तेवढे सगळे त्यांनी विहिणीला समजावले, आणि येताना तेच पूल दुसऱ्या बाजूने. घरी येऊन तिने पर्स टेबलावर आपटली आणि सांगितलं, "ह्या गाडीत आता रेडिओ बोलेल त्या दिवशीच मी बसेन." ती बोलते तसं करते. वीस वर्षं ती दुसऱ्यांच्या गाड्यांतून फिरली.

पण दर दसऱ्याला गाडीची पूजा मात्र तिने चुकवली नाही. स्वयंपाकघरातून गॅरेजमध्ये उतरायला तीन पायऱ्या आहेत. सकाळी ताट घेऊन त्या उतरायची, चाकाखाली लिंबू ठेवायची, बॉनेटवर स्वस्तिक काढायची, मग दार उघडून वाकून आतसुद्धा हळदकुंकू वाहायची, फूल बुडवून पाणी शिंपडायची, हात जोडायची आणि परत वर. मी एकदा म्हटलं, "बसत नाहीस आणि पूजा करतेस?" तर म्हणाली, "ताई, गाडी घरातली आहे, तिची पूजा व्हायलाच पाहिजे. बसणं वेगळं."

आता ह्या मार्चमध्ये तिच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. ऑपरेशन चांगलं झालं. बिघडलं ते नंतर. महिन्याने डॉक्टरकडे न्यायला माझी सून, म्हणजे तिची मुलगी, आपली उंच गाडी घेऊन आली. ह्या नव्या गाड्यांत चढावं लागतं. विहिणीने पाय वर ठेवला आणि तो घसरला. पडली नाही, पण अर्धी आत आणि अर्धी बाहेर अशी लोंबकळली, आणि समोरच्या घरातला माणूस धावत येऊन त्याने तिला मागून उचलून आत ढकललं. लागलं काहीच नाही. पण घरी परतल्यावर तिने काठी कोपऱ्यात ठेवली आणि म्हणाली, "आता मला कुठे न्यायचं नाही." बाहेर जाण्यासाठी मुलीने घेऊन दिलेले बूट दाराशी तसेच नवेकोरे राहिले. एप्रिल गेला, मे गेला. घरी येऊन व्यायाम करून घेणारी बाई होती, तिचेही दिवस संपले. विहीण पलंग ते खुर्ची आणि खुर्ची ते पलंग एवढंच चालायची. गप्पा मारणं कमी झालं. मी सांत्वन करणाऱ्यातली नाही. मी तिला तोंडावर सांगितलं, "अशीच बसलीस तर दिवाळीपर्यंत दुसरा गुडघाही जाईल, मग खुर्चीसुद्धा सुटेल." ती म्हणाली, "जाऊ दे." हे मला आवडलं नाही. माझ्याशी भांडणारी बाई ‘जाऊ दे’ म्हणते म्हणजे काम कठीण आहे.

हे व्याह्यांनी ऐकलं. ते उठून गॅरेजमध्ये गेले. अर्ध्या तासाने मीही गेले, तर ते गाडीचं दार उघडून सीटची उंची टेपने मोजत होते. मग त्यांनी मला समजावलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मी पूर्ण ऐकलं. ही गाडी खाली आहे. दार रुंद आहे. मध्ये काही अडचण नाही. बाईमाणसाने पाठ करून सीटवर टेकायचं आणि पाय सावकाश आत घ्यायचे, गुडघा वाकवायचा तेवढाच वाकवायचा. जगात आत्ता एकच गाडी आहे जिच्यात ती चढल्याशिवाय बसू शकते, आणि ती हीच आहे. "मग बसवा की," मी म्हटलं. "ती बसणार नाही. रेडिओ वाजत नाही ना," ते म्हणाले. मी म्हटलं, "मग वाजवा." त्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी एखादा पूल आहे.

तर, जिच्यातला खिळा बदलायचा नाही त्या गाडीत नवा स्टिरिओ बसवायचं ठरलं. माझी सून म्हणाली, "बाबा, सीरियसली? दोन तासांचं काम आहे. शॉपमध्ये ड्रॉप करा ना." ते गेलेही एका दुकानात. तिथल्या मुलाने डॅशबोर्डवर हात ठेवून सांगितलं की इथे थोडं कापावं लागेल. व्याही त्याला रामराम न करता गाडी घेऊन परत आले. मग दहा दिवस शोधाशोध करून त्यांनी एक असा स्टिरिओ मागवला की जो दिसायला जुन्या रेडिओसारखाच, दोन बाजूंना दोन गोल खुंट्या, मध्ये बटणं, पण आत सगळं आजचं. फोन खिशात ठेवला तरी त्यातलं गाणं गाडीत वाजणार. कापायचं काही नाही. जुनं काढायचं आणि त्याच भोकांत नवं घालायचं.

जुनं काढायलाच दोन आठवडे लागले. प्रत्येक स्क्रू काढण्याआधी त्याचा फोटो. मग तो स्क्रू विहिणीच्या मिसळणाच्या डब्यात, एकेका वाटीत, वर चिठ्ठी: रेडिओ, डावा, वरचा. वाट्यांतली मोहरी आणि जिरं काढून कुठे ठेवलं ते त्यांनाही आठवेना. आतून विहिणीचा आवाज आला, "माझा डबा कुठाय?" बऱ्याच दिवसांनी तिचा आवाज चढलेला ऐकून मला बरं वाटलं. मी ओरडले, "तुझ्या नवऱ्याने फोडणीत स्क्रू घातलेत!" उजेडासाठी बॅटरी धरायचं काम माझ्याकडे होतं. व्याही म्हणाले, "ताई, तुमचा हात हलत नाही." तीस वर्षं पापड लाटल्यावर हात हलत नाही, आणि हे इंजिनिअरला समजावून सांगावं लागलं नाही, हाही चमत्कारच.

रेडिओ निघाला. आता जुना स्पीकर. ह्या जुन्या गाड्यांत स्पीकर एकच असतो, समोर डॅशबोर्डच्या वर मधोमध, तोंड आकाशाकडे, आणि त्यावर धातूची बारीक जाळी. पंचवीस वर्षांत त्यांनी ती जाळी काढली नव्हती. स्पीकरमध्ये बिघडण्यासारखं काही नसतं, असं त्यांचं मत. जाळी उचलली आणि मी बॅटरीचा उजेड पाडला. आत कागदाचा द्रोणासारखा भाग असतो, तोच हलतो तेव्हा आवाज निघतो, असं त्यांनी मला आधीच समजावलं होतं. तो द्रोण लाल पिवळा झाला होता. हळदकुंकवाचा पापुद्रा, त्यात रुतलेल्या अक्षता, झेंडूच्या पाकळ्यांचा चुरा, आणि दरवर्षीच्या पाण्याने मधला कागद कुजून भोक पडलेलं. वीसपंचवीस दसऱ्यांचं निर्माल्य देवाने नाही, स्पीकरने स्वीकारलं होतं. दर वर्षी दार उघडून वाकल्यावर समोर ती बारीक जाळी दिसायची, आणि विहिणीला वाटायचं हीच जागा पूजेची. रेडिओ बंद पडला म्हणून जी बाई वीस वर्षं गाडीत बसली नाही, तिनेच तो दर दसऱ्याला थोडा थोडा बंद पाडला होता.

मला हसू आलं आणि मी ते आवरलं नाही. मी थांबले ती व्याही काय म्हणतात ते ऐकायला. हा माणूस वीस वर्षं दोन दुकानदारांना मूर्ख म्हणत होता. वीस वर्षं त्याने बायकोची बोलणी खाल्ली होती. आता कारण हातात होतं, आणि कारण सापडलं की ते पोस्टमनलासुद्धा सांगितल्याशिवाय राहत नाहीत. त्यांनी बोटाने एक अक्षता सोडवली, तळहातावर घेतली, उजेडात बघितली. मग स्पीकर वर्तमानपत्रात गुंडाळला. म्हणाले, "ताई, बॅटरी जरा डावीकडे घ्या." एवढंच. मला वाटलं, जेवताना बोलतील. जेवताना ते आमटीबद्दल बोलले. संध्याकाळी मी वही उघडली. जुना स्पीकर: नादुरुस्त. कारण: आणि पुढे काही नाही. अख्ख्या वहीत तेवढी एकच जागा कोरी. मला मुळात पोटात काही ठेवता येत नाही. पण त्यांनी कोरं ठेवलेलं मी भरणं बरं दिसेना, म्हणून गप्प बसले. हे सोपं नव्हतं.

नवा स्पीकर आला. तो बसवताना व्याह्यांनी त्याच्यावर, जाळीच्या आत, पातळ कापड ताणून लावलं. मी विचारलं, "हे कशाला?" ते म्हणाले, "असू दे." मी त्यांना ओळखते तेव्हापासून एखाद्या प्रश्नाला मिळालेलं त्यांचं हे सगळ्यात लहान उत्तर.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सगळं जोडून झालं. किल्ली फिरवली, इंजिन सुरू झालं, आणि स्पीकरमधून एक बारीक शीळ यायला लागली. ॲक्सिलरेटरवर पाय दाबला की शीळ वर चढायची, सोडला की खाली. आतून विहीण ओरडली, "कोण रडतंय तिथे?" व्याह्यांचा चेहरा उतरला. त्यांना कारण ठाऊक होतं. एक तार गाडीच्या लोखंडाला टेकवायची असते, आणि ती त्यांनी रंगावर टेकवली होती. खालचं लोखंड उघडं करायचं तर बोटभर रंग खरवडायला पाहिजे, आणि तो रंग कंपनीचा. डॅशबोर्डच्या पोटात आहे, कुणाला कधी दिसणार नाही, तरी त्यांचा हात जाईना. एकदा ते चाकूचं पातं रंगाला लावायचे, एकदा काढायचे. मी त्यांच्या हातातून ते घेतलं आणि म्हटलं, "भाऊ, तुम्ही तिकडे बघा." त्यांनी खरंच तिकडे बघितलं. मी खरवडलं. चांगलं दोन बोटं खरवडलं. शीळ बंद झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळी त्यांच्याकडे जमलो. पूजेचं ताट तयार होतं. सून म्हणाली, "आई, आय विल डू इट, तू बस." विहीण खुर्चीतून ताटाकडे बघत होती. मी म्हटलं, "करू दे तिला. तिला स्वस्तिक उलटं येतं, पण गाडीला काय कळतंय." विहीण उठली. काठी घेतली. तीन पायऱ्यांशी येऊन थांबली. सहा महिने ती त्या पायऱ्यांपर्यंतसुद्धा आली नव्हती. माझा मुलगा हात द्यायला पुढे झाला, तिने नको म्हणून मान हलवली. पहिल्या पायरीला दोन्ही पाय, दुसरीला दोन्ही पाय. खाली व्याही गाडीचं दार उघडून उभे होते, नवीन शर्ट घालून. ती उतरली. लिंबू मुलाने ठेवलं, स्वस्तिक तिने काढलं. मग दाराशी आली, वाकली आणि चिमूटभर हळद, चिमूटभर कुंकू, चार अक्षता घेऊन हात सरळ त्या जाळीकडे नेला. माझ्या तोंडून "अगं" निघालं होतं. व्याह्यांनी माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. तिने सगळं जाळीवर वाहिलं. फूल बुडवून पाणी शिंपडलं. त्यांनी हात जोडले. तेव्हा मला ते कापड कळलं. मी उशिरा समजणारी नाही, पण त्या दिवशी समजले ते उशिरा.

मग ते म्हणाले, "बसून बघतेस?"

"रेडिओ बोलतो का?"

"बोलतो."

ती पाठ करून सीटवर टेकली. एक पाय आत, मग ऑपरेशनचा पाय, दोन्ही हातांनी धरून. बसली. मी, मुलगा आणि सून मागे बसलो. सून विहिणीच्या फोनवर गाणी शोधत होती, तेवढ्यात तो फोनच वाजला आणि अख्ख्या गाडीत विहिणीच्या नाशिकच्या बहिणीचा आवाज घुमला, "हॅलो! अगं, सोनं घे गं बाई! कुठायस तू?" विहीण दचकली, जाळीकडे बघायला लागली. तिकडे रात्र झालेली, ती बाई पुन्हा ओरडली, "ऐकू येतंय का? कुठायस?"

"गाडीत," विहीण म्हणाली.

"कुणाच्या?"

"आमच्या. दुसऱ्या कुणाच्या बसणार?"

"तुझी ती रेडिओवाली? चालू झाली? काय झालं होतं तिला?"

विहिणीने नवऱ्याकडे बघितलं. "काय झालं होतं हो?"

"जुनी झाली होती," व्याही म्हणाले आणि गाडी मागे घेतली.

आता दर मंगळवारी ती दोघं जातात. कधी मीही असते. आधी नुसतं नदीपर्यंत आणि परत. मग दुकानापर्यंत. व्याह्यांची पुढच्या वर्षी लायसन्सची डोळे तपासणी आहे, डावा डोळा अधू झालाय, ते मला त्यांनी सविस्तर समजावून सांगितलंय. तपासणीत काय होईल ते तेव्हा बघू. माझंही वय काही कमी नाही.

परवा मी त्यांच्याकडे गेले तर दाराशी विहिणीचे तेच बूट होते. ओल्या मातीत नदीकाठी चालून तळांना चिखल लागलेला, त्यात एक पानही चिकटलेलं. मी उचलले आणि विचारलं, "धुऊन ठेवू का?" व्याही आतून आले, बुटांकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, "नको ताई. दोन दिवस राहू द्या तसेच."

मी ते होते तसे खाली ठेवले.